लोकांना माहीत असतं, तरी सवय का हलत नाही? समुदायातल्या आरोग्यसंवर्धनाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकताना आरोग्यसंवर्धनाचे पाच-सहा सिद्धांत अभ्यासले, आता एका संस्थेतर्फे वस्तीपातळीवर काम करताय. सभा होतात, पत्रकं वाटली जातात, लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. वरून तिमाहीचं उद्दिष्ट म्हणजे इतक्या सभा आणि इतकी पोस्टरं. मग हे सिद्धांत खरंच कामाचे आहेत का, असतील तर कोणता धरायचा, आणि सुरुवात कुठून करायची?

सिद्धांत कामाचे आहेत. पण ज्या क्रमाने ते शिकवले जातात त्याच क्रमाने वापरायला गेलं की घोळ होतो. वर्गात आधी सिद्धांत येतो, मग त्याला साजेसं उदाहरण. फील्डवर आधी एखादी सवय समोर ठाकते, ती हलता हलत नाही, आणि ती कशात अडकली आहे हे शोधायला सिद्धांत लागतो. अडकलेली जागा सापडली की कोणता सिद्धांत घ्यायचा याची चर्चा फारशी उरत नाही. ती जागा माहितीच्या अभावाची निघते, असं मी फार क्वचित पाहिलंय. आपले कार्यक्रम मात्र बहुतेक माहिती देण्याचेच असतात, कारण माहिती देणं सोपं, मोजायला सोपं आणि कुणाची नाराजी ओढवून न घेणारं काम आहे.

हात धुण्याचंच घेऊ. शौचानंतर साबणाने हात धुवावेत हे माहीत नसलेला मोठा माणूस आज शोधावा लागेल. तरी प्रत्यक्षात तसं करणाऱ्यांचं जगभरातलं प्रमाण २०१४च्या एका मोठ्या आढाव्यात १९ टक्क्यांच्या आसपास निघालं. कारण हवं असेल तर एखाद्या घरी सकाळचे दोन तास नुसतं बसून बघा. प्रश्न विचारायचे नाहीत, फॉर्म काढायचा नाही. बाळाला शी झालीय. आईने त्याला डाव्या हातावर घेतलंय आणि उजव्या हाताने धुतलंय. पाणी दारापाशी आहे, साबण आत, उंच फळीवर. उंच का, तर खाली ठेवला की पाण्यात भिजून विरघळतो आणि मोठं पोर तो खेळायला घेतं. बाळ रडतंय, शेगडीवर काहीतरी उकळतंय, मोठ्याची शाळेची वेळ झालीय. ती हातावर पाणी घेते, कपड्याला पुसते आणि कामाला लागते. या बाईला जंतूंवर व्याख्यान देऊन काय साधणार? साबण पाण्याशेजारी, एका हाताने घेता येईल असा आणि वाया न जाता कसा राहील, हा तिथला खरा प्रश्न आहे. तो तिच्यासोबत बसून सोडवता येतो, आणि तो सुटेपर्यंत बाकी सगळं व्यर्थ.

सोय झाल्यावरसुद्धा 'त्या क्षणी करावंसं वाटणं' हा भाग उरतोच. आंध्र प्रदेशातल्या १४ गावांत झालेल्या 'सुपरअम्मा' या मोहिमेचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात जंतू, जुलाब, आजार हे विषय मुद्दाम बाजूला ठेवले होते. भर होता तो किळस वाटण्यावर, मुलाला चांगलं वळण लावणाऱ्या आईच्या प्रतिमेवर आणि 'आपल्यात सगळे असंच करतात' या भावनेवर. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत नेमक्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, न झालेल्या गावांत ६ टक्के. हे आकडे घरात बसून निरीक्षण करून आलेले आहेत, म्हणून मी त्यांना किंमत देते. 'हात धुता का?' असं विचारलं असतं तर दोन्हीकडे बहुतेकांनी हो म्हटलं असतं.

अडकलेली जागा शोधायला सुरुवातीला एकच चाळणी पुरे. मानसशास्त्रज्ञ सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली वर्तनबदलाच्या आधीच्या १९ चौकटी तपासून एक मांडणी केली. तिचा गाभा तीन प्रश्नांत येतो. माणसाला ते जमतं का, परिस्थिती ते करू देते का, आणि त्या क्षणी ते करावंसं वाटतं का? क्षमता, संधी, प्रेरणा. तुमच्या वस्तीतली कोणतीही एक सवय घ्या आणि तीन रकाने करून भरायला बसा. माझा अंदाज, संधीचा रकाना सगळ्यात लांब भरेल आणि तुमच्या संस्थेचा सगळा खर्च क्षमतेच्या रकान्यात पडलेला दिसेल. हा तक्ता वरिष्ठांपुढे ठेवायलाही बरा पडतो. 'पोस्टरं नकोत' असं म्हटलं की वाद होतो. तक्ता दाखवून 'पोस्टर यातल्या कोणत्या अडचणीवर आहे?' असं विचारलं की चर्चा होते.

बाकी सिद्धांतांकडे आता कामापुरतं बघू.

हेल्थ बिलीफ मॉडेल, म्हणजे आजार आणि उपाय यांबद्दल माणसाला काय वाटतं यावर उभी मांडणी, १९५०च्या दशकातलं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या फिरत्या गाड्या वस्त्यांत नेल्या. तपासणी फुकट, घराजवळ, तरी लोक पुरेसे येईनात. ते का येत नाहीत हे शोधताना ही मांडणी झाली: हा आजार मला होऊ शकतो असं वाटतं का, झाला तर तो किती वाईट वाटतो, तपासणीचा फायदा दिसतो का, आड काय येतं, आणि 'आता जाऊयाच' असं म्हणायला निमित्त काय मिळतं. लस घेणं, तपासणीला जाणं अशा एकदाच्या किंवा क्वचितच्या निर्णयांसाठी ती आजही चांगली चालते. रोजच्या सवयींना ती तोकडी पडते, कारण रोजचं खाणं किंवा तंबाखूची पुडी फायद्या-तोट्याचा हिशेब करून तोंडात जात नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेला आत्मभरवशाचा मुद्दा, म्हणजे 'हे मला जमेल' असं वाटणं, मला सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडलाय. हा भरवसा भाषणाने येत नाही. स्वतः थोडंसं करून जमलं की येतो, किंवा आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघून येतो. 'आपल्यासारख्याच' यावर जोर आहे. वक्त्याच्या खुर्चीवर बसलेला, सगळं सोडून आदर्श झालेला माणूस ऐकणाऱ्याला आपल्यातला वाटत नाही. मागच्या महिन्यात दोनदा घसरून पुन्हा सावरलेला शेजारी वाटतो. यालाच जोडून भीतीचं. सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवावीत का, हे मला नेहमी विचारलं जातं. भीती दाखवली आणि त्याच श्वासात आवाक्यातली वाट दाखवली तर परिणाम होतो. नुसतीच भीती दाखवली तर माणूस आजाराऐवजी भीतीवर उपाय शोधतो. तोंड फिरवतो, विनोद करतो, 'अमुक आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते' असं सांगतो.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडलेले सवय बदलण्याचे टप्पे (विचारही नाही, विचार सुरू, तयारी, कृती, टिकवणं) सगळ्यांना आवडतात, कारण ते स्लाइडवर छान बसतात. एकेकट्याशी बोलताना 'हा अजून विचारही करत नाहीये' हे ओळखायला त्यांची मदत होते. पण टप्प्यांनुसार बेतलेले कार्यक्रम साध्या कार्यक्रमांहून सरस ठरतात असा भक्कम पुरावा आढाव्यांत मिळालेला नाही. अख्ख्या वस्तीची टप्प्यांनुसार वर्गवारी करत बसू नका.

हे सगळे सिद्धांत एका माणसाच्या डोक्यात डोकावतात. समुदायाचं काम म्हणजे असं डोकावणं हजार वेळा करणं, असा समज शिकताना होतो आणि तो पुढे खूप त्रास देतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली दोन प्रश्न वेगळे करून ठेवले: या माणसाला हा आजार का झाला, आणि या लोकांमध्ये हा आजार इतका का आहे? दोन्हींची उत्तरं बहुतेकदा वेगळी येतात. रक्तदाबाचं बघा. खूप वाढलेल्या माणसाला धोका मोठा, पण अशी माणसं थोडी. थोडासाच वाढलेल्यांना धोका कमी, पण ती इतकी जास्त की पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत त्यांचाच भरणा मोठा होतो. म्हणून फक्त 'हाय रिस्क' माणसं शोधून त्यांच्या मागे लागलं तर त्यांचं भलं होतं, पण गावातला आजार फारसा घटत नाही. सगळ्यांचाच रक्तदाब थोडा खाली आला तर घटतो.

याची दुसरी बाजू रोज यांनीच सांगितली होती आणि ती फील्डवर रोज भेटते. सगळ्या समुदायाला भरपूर फायदा देणारा उपाय एकेका माणसाला मात्र जवळजवळ काहीच देत नाही. मीठ थोडं कमी केलेल्या हजार जणांपैकी काही थोड्यांचाच झटका टळणार, आणि तो कुणाचा टळला हे कधीच कळणार नाही. त्यामुळे दूरच्या आरोग्याचं आमिष चालत नाही. आजच्या आज काहीतरी मिळायला हवं. वेळ वाचावा, मजा यावी, शेजाऱ्यांत मान वाढावा, पोर कमी किरकिर करावं. चालण्याचे गट टिकतात ते गप्पांसाठी. हृदयासाठी म्हणून आलेले बरेच जण पहिल्या पावसात गळतात.

दुसरा परिणाम असा की काही अडचणी वस्तीत सुटतच नाहीत. जिथे बहुतेक मीठ कारखान्यात बनलेल्या पदार्थांतून पोटात जातं, तिथे स्वयंपाक करणाऱ्याला 'चिमूटभर कमी घाला' सांगून काय होणार? तिथे पदार्थ बनवणाऱ्यांवर नियम लागतो. तंबाखूची किंमत १० टक्के वाढली की खप श्रीमंत देशांत सुमारे ४ टक्के आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ५ टक्के घटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतका परिणाम करणारं पथनाट्य मी तरी पाहिलेलं नाही, आणि मला पथनाट्यं आवडतात.

१९८६ सालचा ओटावा जाहीरनामा, म्हणजे आरोग्यसंवर्धनावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतला मूळ दस्तऐवज, तुम्ही वाचलाच असणार. आपल्या आरोग्यावरचा ताबा वाढवायला आणि ते सुधारायला लोकांना समर्थ करण्याची प्रक्रिया, ही आरोग्यसंवर्धनाची व्याख्या तिथली. त्यात कामाची पाच क्षेत्रं दिली आहेत: आरोग्याला पूरक धोरणं, पोषक परिसर, समुदायाची कृती बळकट करणं, व्यक्तींची कौशल्यं वाढवणं आणि आरोग्यसेवांचा रोख बदलणं. पाचांतलं एकच क्षेत्र व्यक्तीच्या कौशल्याचं आहे. तरी प्रकल्पाच्या प्रस्तावात पहिल्या पानावर गरिबी, घरं, पाणी, रोजगार यांची चर्चा असते आणि शेवटच्या पानावर, अंदाजपत्रकात, फक्त 'जीवनशैलीविषयक प्रबोधन' उरतं. ही घसरण जवळजवळ प्रत्येक संस्थेत होते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ज्यांच्या हातात सगळ्यात कमी आहे त्यांच्याच माथी दोष जातो. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला 'व्यायामाला वेळ काढा' सांगणं हा सल्ला म्हणून बरोबर आहे, माणसाशी बोलणं म्हणून उद्धट आहे.

मग वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्याने करायचं तरी काय? धोरण त्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात 'समुदायाची कृती' हे क्षेत्र असतं, आणि त्याचा पुरावा माझ्या मते सगळ्यात भक्कम आहे. इथे थोडं थांबते.

नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावातलीच एक बाई, वैद्यकीय शिक्षण नसलेली, महिन्यातून एकदा बायकांचा गट जमवायची. ती व्याख्यान देत नव्हती. बाळंतपण आणि नवजात बाळ यांबद्दलच्या आपल्या अडचणी कोणत्या, त्यातल्या कोणत्या आधी घ्यायच्या, त्यावर काय करायचं, केलं त्याचं काय झालं, असं एक चक्र गट स्वतः पार पाडायचा. कुठे अडीअडचणीसाठी निधी उभा राहिला, कुठे स्ट्रेचरची सोय झाली, कुठे स्वच्छ बाळंतपणाची किट बनवून वाटली गेली. नवजात मृत्यूंचं प्रमाण हे गट असलेल्या भागात हजार जिवंत जन्मांमागे २६.२ होतं, नसलेल्या भागात ३६.९. म्हणजे सुमारे ३० टक्क्यांचा फरक. पुढे झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेने हीच पद्धत वापरली. २०१०च्या निष्कर्षांत तीन वर्षं मिळून नवजात मृत्यूंत ३२ टक्के घट होती. शिवाय तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. नैराश्यावर वेगळा कार्यक्रम नव्हता. महिन्यातून एकदा बसणं, आपली अडचण मोठ्याने बोलणं आणि तिच्यावर चारजणींनी मिळून काही करणं, एवढंच होतं.

अशा बैठकीत काय होतं, ते जवळून बघा. एक गोष्ट सांगितली जाते: एक बाळ आठव्या दिवशी गेलं. मग सूत्रधार विचारते, का गेलं? श्वास लागला होता. पण का? छातीत संसर्ग झाला. पण मग दवाखान्यात का नेलं नाही? नेलं, उशिरा. का उशीर झाला? सकाळी दूध पीत नव्हतं, पण ते धोक्याचं लक्षण आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण का? घरात सासू शेतावर, सून एकटी, पहिलटकरीण. लक्षात आल्यावर लगेच का निघाले नाहीत? नवरा घरी नव्हता, पैसे त्याच्याकडे. गाडी? रात्री गाडीवाला येत नाही. प्रत्येक 'का'ला एक खडा, चिठ्ठी किंवा चित्र जमिनीवर ठेवायचं. शेवटी ओळ तयार होते, आणि गट त्या ओळीकडे बघून ठरवतो की यातला कोणता खडा आपण उचलू शकतो. धोक्याचं लक्षण ओळखणं हा एक खडा. गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवणं दुसरा. घरात नवरा नसताना निर्णय कुणी घ्यायचा हा तिसरा, आणि तो सगळ्यात जड. इथे सूत्रधाराने घाई करायची नाही. बायका पहिल्या बैठकीत तो खडा उचलत नाहीत, चौथ्या-पाचव्या बैठकीत कुणीतरी उचलते. आरोग्यसंवर्धनाच्या पुस्तकांत 'सक्षमीकरण' म्हणून जे येतं ते मला या खड्यापाशी दिसतं.

आता याच पद्धतीचा अपयशी प्रयोग, कारण तुम्हाला त्याचा जास्त उपयोग आहे. बांगलादेशातल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१० सालीच आले, नवजात मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. पद्धत तीच होती, पण सुमारे चौदाशे लोकसंख्येमागे एकच गट होता. तिथेच पुढे गटांची संख्या वाढवून साधारण तीनशे लोकसंख्येमागे एक गट केला, आणि २०१३ साली ३८ टक्के घट दिसली. त्याच वर्षी अशा सात प्रयोगांचा एकत्र आढावा झाला. गर्भवतींपैकी निदान ३० टक्के जिथे गटांत येत होत्या, तिथे नवजात मृत्यूंत ३३ टक्के घट होती. त्यानंतर २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा गटांची शिफारस केली.

तुमच्या उद्दिष्टातल्या सभांच्या संख्येला मी हाच प्रश्न लावेन. किती सभा झाल्या हे सोडा. ज्यांच्यासाठी सभा आहे त्यांच्यापैकी किती टक्के त्यांत आले? उपस्थितीची सही आपण घेतो, पण खाली भागायचा आकडाच आपल्याकडे नसतो. वस्तीत सध्या गरोदर किती, तंबाखू खाणारे किती, चाळिशीपुढचे किती, याची साधी यादी असल्याशिवाय आवाका कळत नाही. आणि यादी केली की दुसरं काहीतरी दिसू लागतं: दर वेळी तीच माणसं येतात. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली उलट्या सेवेचा नियम लिहिला होता. ज्यांना चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांना ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. आपल्या सभांना हा नियम अगदी तंतोतंत लागू होतो. दुपारी तीनची सभा ज्यांना परवडते ते आधीच बरे असतात. त्यामुळे सभेचा अहवाल लिहिताना एक रकाना 'कोण आलं नाही' याचा ठेवा आणि पुढचे दोन दिवस त्या घरांत जा. उंबऱ्यावर दहा मिनिटं बोललं तरी कारण कळतं. कधी वेळ, कधी जागा, कधी सभेत पुढे बसणाऱ्या बाईशी भांडण.

लोकसहभागाबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना वापरून घेणं, वर लोकांच्या हाती निर्णय, मध्ये माहिती देणं, मत विचारणं, तोंडदेखलं सामावून घेणं. आपल्या बहुतेक 'सहभागी' बैठका मधल्या पायऱ्यांवर असतात. विषय आधी ठरलेला, खर्च आधी ठरलेला, लोकांनी ठरवायचं ते सभेची तारीख. लोकांना हे लगेच कळतं, ते बोलत नाहीत इतकंच. कार्यक्रमातली निदान एक गोष्ट, पैशांसकट, खरोखर गटाच्या हातात द्या. ती त्यांनी तुम्हाला न पटणाऱ्या कामावर घालवली तरी चालेल. हृदयविकाराच्या प्रकल्पात लोकांनी आधी रस्त्यावरचा दिवा मागितला तर तो आधी लावायचा. संध्याकाळी बायका चालायला बाहेर पडतात की नाही याचा त्या दिव्याशी संबंध असतो, आणि नसला तरी पुढच्या बैठकीला माणसं येतात.

वस्तीत काय नाही याचीच यादी करू नका. व्हिएतनाममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी आणि मोनिक स्टर्निन यांनी कुपोषणावर काम करताना उलटा प्रश्न विचारला: इतक्याच गरीब घरांत ज्यांची मुलं धडधाकट आहेत, ती काय वेगळं करतात? त्या आया भातखाचरातले छोटे झिंगे-खेकडे आणि रताळ्याची पानं मुलांच्या जेवणात घालत होत्या, आणि दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. उपाय गावातलाच, परवडणारा, आणि करून दाखवणारी बाई शेजारची. बाहेरून नेलेल्या तज्ज्ञ सल्ल्याला हे तिन्ही जमत नाही.

मोठ्या कार्यक्रमांबद्दल वाचताना सावध राहा. फिनलंडमधला हृदयविकार कमी करण्यासाठीचा नॉर्थ कारेलिया प्रकल्प प्रत्येक प्रशिक्षणात येतो. १९७२ साली सुरू झाला, पेक्का पुस्का यांनी चालवला, आणि त्या भागात कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या चार दशकांत ८० टक्क्यांहून जास्त घटले. हे सगळं खरं आहे. पण त्याच काळात उरलेल्या फिनलंडमध्येही मृत्यू झपाट्याने घटले, त्यामुळे श्रेय किती कुणाचं यावर वाद आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात स्टॅनफर्ड, मिनेसोटा आणि पॉटकेट इथे असेच मोठे समुदाय-प्रकल्प झाले आणि त्यांचे परिणाम अपेक्षेपेक्षा बरेच फिके निघाले, कारण तुलनेसाठी निवडलेली शहरंही आपोआप सुधारत होती. यातून मी कारेलियाला नाकारत नाही. तिथे मागणी लोकांनी स्वतः लावून धरली होती, बायकांच्या संघटना स्वयंपाकाच्या पाककृतींपर्यंत उतरल्या होत्या, दूध-लोण्याच्या धंद्याशी आणि पुढे बेरी पिकवणाऱ्यांशी बोलणी झाली होती. ओटावाची पाचही क्षेत्रं तिथे एकदम हलली, जाहीरनामा लिहिण्याच्या आधीच. शिकायचं ते इथून. '८० टक्के' हा आकडा आपल्या प्रस्तावात घालायचा मोह मात्र टाळा.

सुरुवातीबद्दल: पहिले काही आठवडे कार्यक्रम घेऊ नका, संस्था परवानगी देईल तितके लांबवा. वस्तीत चक्कर मारा, पण वेगवेगळ्या वेळी, कारण सकाळची वस्ती आणि रात्री नऊची वस्ती वेगळी असते. लोक आरोग्याबद्दल कुणाला विचारतात ते शोधा. तो डॉक्टर नसतो बऱ्याचदा. औषधाच्या दुकानातला मुलगा, एखादी मावशी, शाळेतला शिपाई. मग एकच सवय निवडा, लोकांनाही ज्याची चिंता आहे अशी. तिला ती तीन रकान्यांची चाळणी लावा. पोस्टरं करावीच लागणार असतील तर त्यावर 'आरोग्य हीच संपत्ती' लिहू नका. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, कुणाला भेटायचं, सोबत काय आणायचं, एवढं लिहा. असं पोस्टर निमित्ताचं काम तरी करतं.

शेवटी कालावधी आणि मूल्यमापन, कारण यातच चांगले कार्यक्रम बंद पडतात. 'एकजुट'च्या प्रयोगात तीन वर्षं मिळून घट ३२ टक्के होती, पण शेवटची दोनच वर्षं धरली तर ४५ टक्के. म्हणजे परिणाम उशिरा आला. गट जमायला, बोलायला लागायला, तो जड खडा उचलायला वेळ लागतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस कुणी मृत्युदर किंवा रक्तदाबाची सरासरी मागितली तर ती देण्याचं कबूलच करू नका. पहिल्या वर्षी आवाका दाखवा: ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यातले किती टक्के आले, कोणत्या गल्ल्या सुटल्या, गटाने स्वतः किती निर्णय घेतले, परिस्थितीतली कोणती एक अडचण दूर झाली. दुसऱ्या वर्षी वागणं मोजा, आणि ते विचारून नाही, बघून मोजा. त्यासाठी थोडीच घरं घेतली तरी चालतील, पण मोजणारा माणूस कार्यक्रम घेणारा नको. शक्य असेल तर काम न झालेली एक शेजारची वस्तीही त्याच पद्धतीने मोजा, नाहीतर आपोआप झालेल्या सुधारणेचं श्रेय तुम्ही घ्याल किंवा खरं श्रेय हातचं जाईल. आजाराचे आकडे तिसऱ्या वर्षानंतर, आणि तेही लोकसंख्या पुरेशी मोठी असेल तरच. दोन हजारांच्या वस्तीत मृत्यूंचे आकडे योगायोगानेच इतके वरखाली होतात की त्यातून काहीही सिद्ध करता येतं. ही वर्षनिहाय मांडणी करार होण्याआधी लेखी करून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.